डॅशबोर्डवरची बैठक

गाडीतला गवई पायाशी बसतो. दाराच्या खालच्या अंगाला, पाण्याची बाटली ठेवायच्या खणाच्या पुढं कंपनीनं एक जाळी दिलेली असते, तिच्यामागं साडेसहा इंची स्पीकर. त्याचं तोंड आपल्या पोटरीकडं. सूर तिथून निघतो, थोडा पँटच्या कापडात मुरतो, थोडा सीटच्या फोममध्ये बुडतो आणि उरलासुरला कानापर्यंत येतो. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवून घेतलं, ज्या गावात आजही गाणारा गादीवर आणि ऐकणारे खाली सतरंजीवर असतात, तिथं राहून त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकरांना गुडघ्याखाली बसवायचं हे मला पटेनासं झालं.

नोकरीपायी माझा गारगोटी रस्ता ठरलेला. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा. गळीत हंगामात या रस्त्यावर पुढं जायची घाई करण्यात अर्थ नसतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असतो आणि त्याच्या टपावरच्या स्पीकरमधून जे गाणं वाजत असतं ते तुमच्या गाडीतल्या गाण्याला सहज झाकून टाकतं. त्याच्या गाण्याला दिशा असते, हे मात्र कबूल करायला हवं. डोळे मिटले तरी ट्रॅक्टर कुठं आहे ते सांगता येईल. माझ्या गाडीतल्या गाण्याला तेवढंही नव्हतं. उजव्या मांडीजवळून काहीतरी गात होतं, एवढंच.

उद्यमनगरातल्या एका बोळात गाड्यांचं वायरिंग करणारे एक मिस्त्री आहेत. शेजारी लेथ, समोर ग्राइंडर, पलीकडं इंजिनाचे सुटे भाग घासणारं दुकान. अशा जागी बसून हा माणूस आवाजाची कामं करतो, याचं मला कौतुक वाटतं. गाडी उभी केली तसं त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"सर, बेस किती पायजे?"

कोल्हापुरात गाडीच्या आवाजाची चर्चा इथूनच सुरू होते आणि बहुतेक वेळा इथंच संपते. डिकीत मोठा डबा बसवायचा, नंबरप्लेट थरथरली पाहिजे, मागच्या गाडीवाल्याला छातीत कळलं पाहिजे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींनी आमच्या कानांना जी सवय लावली तिचीच ही घरगुती आवृत्ती. मी म्हणालो, बेस आहे तेवढा पुरे. गाणारा माणूस पायातून उचलून वर, समोर बसवायचा आहे.

मिस्त्रींनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग डॅशबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांवर, काच जिथं खाली टेकते तिथं बोटानं टकटक केली. दोन्हीकडं प्लॅस्टिकच्या बारीक जाळ्या होत्या. आत काहीच नव्हतं. वरच्या किमतीच्या मॉडेलला कंपनी तिथं स्पीकर देते. खालच्या मॉडेलला नुसती जाळी.

"जागा हाय बगा. तीन इंची बसतोय."

एवढ्याशा स्पीकरनं काय होणार, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर स्पीकरपेक्षा आपल्या कानात जास्त आहे. आवाज कुठून आला हे आपण कसं ओळखतो, याची नीट मांडणी लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं 1907 मध्ये केली. दोन कानांमध्ये डोक्याएवढं अंतर आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी भेटतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका. खालच्या सुरांसाठी मेंदू हा उशीर मोजतो. वरच्या, बारीक सुरांसाठी डोक्याची सावली उपयोगी पडते: पलीकडच्या कानाला आवाज थोडा दबलेला मिळतो. झालं डावं-उजवं. पण वर की खाली? तिथं दोन कानांतला फरक काही सांगत नाही, कारण समोर खाली बसलेला आणि समोर उंच बसलेला दोघेही दोन्ही कानांपासून सारखेच लांब. ते काम कानाच्या पाळीवरच्या वळ्या करतात. बारीक लहरी त्या वळ्यांवर आपटून आत जातात आणि कोणत्या उंचीवरून आल्या त्याप्रमाणे त्यांचा पोत बदलतो. साधारण चार-पाच हजार हर्ट्‌झच्या वरच हे नीट घडतं.

म्हणजे गवयाची उंची ठरवतात त्या बारीक लहरी. तंबोऱ्याच्या जव्हारीतली झार, 'स' उच्चारताना दातांतून सुटणारी हवा, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार. दारातल्या मोठ्या स्पीकरकडून याच लहरी सर्वांत आधी हरवतात. मोठा पडदा बारीक लहरी सगळीकडं पसरवू शकत नाही, त्या टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात, आणि सरळ समोर आहे आपली पोटरी. उलट, खालच्या लहरी कशाही फिरून कानाशी येतात, पण आपण कुठल्या उंचीवरून आलो ते सांगत नाहीत. बायाँची घुमक दारातच राहिली तरी बिघडत नाही. चाट वरून ऐकू आली की कान घुमकसुद्धा वरच आहे असं धरून चालतो. या फसवणुकीवर सगळा खेळ उभा आहे.

मिस्त्री ही सगळी भाषा वापरत नाहीत. ते म्हणाले, "मोठा खाली ऱ्हाऊदे. बारक्याला फक्त वरचं वरचं द्याचं. खालचं दिलंत तर बारका फाटतंय." खालचं अडवायला त्यांनी प्रत्येक बारक्या स्पीकरच्या वायरीत एक कपॅसिटर टाकला, नॉन-पोलर, दंडगोल, अंगठ्याएवढा. चार ओहमच्या स्पीकरला तीनशे हर्ट्‌झच्या खालचं रोखायचं तर साधारण 130 मायक्रोफॅरड लागतात. हे गणित मी वहीत केलं होतं. मिस्त्रींनी ड्रॉवरमधून हातानं उचललेला कपॅसिटर त्याच्या अगदी जवळचा निघाला. वही मी परत खिशात घातली. त्या कपॅसिटरचा आणखी एक उपकार असतो. दारातला चार ओहम आणि डॅशबोर्डवरचा चार ओहम सरळ समांतर जोडले तर टेपवर दोन ओहमचं ओझं पडतं आणि तो तापतो. कपॅसिटरमुळं निदान खालच्या सुरांत, जिथं खरी ताकद खर्च होते, तिथं ते ओझं पडत नाही.

स्पीकरचं तोंड वर, काचेकडं. हे मला आधी विचित्र वाटलं होतं. पण काच इथं आरशाचं काम करते. स्पीकरमधून सरळ आलेला आवाज आणि काचेवर आपटून आलेला आवाज, दोन्ही कानाशी पोचतात. दुसऱ्याला जितकं जास्त चालावं लागेल तितका घोटाळा. वाटेत दहा सेंटिमीटरचा फरक पडला तर 1,700 हर्ट्‌झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात, आणि नेमकी तिथं माणसाच्या आवाजाची स्पष्टता असते. शब्द तोंडात धरल्यासारखे येऊ लागतात. स्पीकर काचेच्या मुळाशी, अगदी कोनात सरकवला तर तो फरक एक-दोन सेंटिमीटरवर येतो आणि खोडाखोड गाण्याच्या वर, फारसं नुकसान होणार नाही अशा जागी जाते. मिस्त्रींनी स्पीकर जितका आत ढकलता येईल तितका ढकलला, खाली फोमची पट्टी लावली, म्हणजे प्लॅस्टिक करकरणार नाही. लेथचा आवाज चालूच होता.

दोन स्पीकर आणि मधे कुणीच नाही, तरी मधे माणूस दिसतो, ही कल्पना पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात पूर्ण उतरली तो अ‍ॅलन ब्लमलाइन हा लंडनचा तरुण इंजिनियर. गोष्ट 1931 सालची सांगतात. तो बायकोबरोबर बोलपट बघायला गेला होता. पडद्यावरचं पात्र एका कडेला आणि आवाज मात्र भलतीकडून. याचा त्याला इतका त्रास झाला की यावर उपाय माझ्याकडं आहे, असं त्यानं तिथंच बायकोला सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्यानं पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा जवळजवळ सगळा पाया त्या कागदात आहे. 1942 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, रडारच्या चाचणीसाठी उडालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात यायला त्यानंतर आणखी पंधरा वर्षं लागली.

ब्लमलाइनचा तो अर्ज कचेरीत पडून होता त्याच सुमाराला कोल्हापुरात मराठीतला पहिला बोलपट तयार होत होता. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये इथंच सुरू झाली, 'अयोध्येचा राजा' 1932 मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन तेव्हा हिंदुस्थानात आलेलं नव्हतं. नट गाणं कॅमेऱ्यासमोर म्हणायचे आणि साथीदारांना चौकटीच्या बाहेर, पण मायक्रोफोनच्या आत बसावं लागे. गवयाचं चित्र पडद्यावर, पेटीवाला पडद्याच्या बाहेर, आणि थिएटरात सगळा आवाज एकाच ठिकाणाहून. ब्लमलाइनला जे टोचलं ते इथल्या प्रेक्षकाला टोचल्याचं काही दिसत नाही. बोलतंय, गातंय, हेच अप्रूप मोठं होतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या प्रेक्षकाला आवाज आणि चेहरा एकत्र अनुभवायची सोय दुसरीकडं होतीच. पॅलेस थिएटर 1915 मध्ये उभं राहिलं होतं. पुढं त्याला गायकनट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. मायक्रोफोन नसलेल्या काळात नट पदासाठी पुढं आला की आवाजही पुढंच यायचा; डावीकडं सरकला की आवाजही सरकायचा. ही गोष्ट सांगायला तेव्हा कुणाला पेटंट लागलं नव्हतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उभं राहून रडली.

जोडणी झाली तेव्हा मी माझी आवडती सीडी पेनड्राइव्हवर उतरवून नेली होती. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली.

"बातम्या लावा सर. बातम्या देणारा एकच असतोय. त्यो मधी बसला पायजे. बसला तर सगळं बसतंय."

शब्दांची एवढी काटकसर करून इतकं नेमकं बोलणं मी ध्वनिशास्त्राच्या पुस्तकातही क्वचित वाचलंय. निवेदकाचा आवाज दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखा येतो. दोन्ही बाजू जुळल्या असतील तर तो दोघांच्या मधे एका बिंदूवर उभा राहतो. नसतील जुळल्या तर काचभर पसरतो. मग मिस्त्रींनी मला गंमत दाखवायची म्हणून डाव्या स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडल्या. एक पडदा पुढं येताना दुसरा मागं जाऊ लागला. निवेदक मधून नाहीसा झाला. आवाज होता, पण डोक्याभोवती, मानेमागं, कुठंतरी. वायरी पुन्हा सरळ केल्या आणि तो परत समोर आला. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी हा खेळ चालू ठेवला.

निवेदक मधे आला म्हणालो, पण पूर्ण मधे नाही. आपली गाडी उजव्या हाताची. उजवा कोपरा माझ्यापासून हातभर, डावा त्याहून अर्धा मीटर लांब. हवेत आवाजाला 34 सेंटिमीटर जायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, म्हणजे डावा स्पीकर दीड हजारांश सेकंद उशिरा बोलतो. एवढा उशीर जाणवत नाही. पण कान आधी आलेल्यावर विश्वास ठेवतो आणि नंतर आलेल्याला त्याचाच पडसाद समजतो. जर्मनीत हेल्मुट हास यानं 1949 मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून हा परिणाम त्याच्या नावानं ओळखतात. अंबाबाईच्या देवळात, दगडी खांबांच्या गर्दीत, आवाज दहा दिशांनी परतत असतानाही गाणारा कुठं बसलाय ते कळतं, ते याच गुणामुळं. अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब त्या देवळात गायनसेवा करीत. प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईला सूर कुठल्या खांबाआडून येतोय हे वळून न बघता कळत असणार. देवळात वाट दाखवणारा हा गुण गाडीत मात्र वाकडा पडतो. उजवा स्पीकर नेहमीच आधी, म्हणून गवई उजव्या खांबाला रेलून बसतो.

यावर औषध आहे. डीएसपी नावाचा एक डबा सीटखाली बसवतात. तो उजव्या स्पीकरला दीड हजारांश सेकंद थांबवून धरतो, डावा पोचेपर्यंत. मी तो घेतला. पैसे गेले, त्याचं तपशीलवार वर्णन करण्यात मजा नाही.

परतताना कळंब्याच्या पुढं केसरबाई लावल्या. ती ध्वनिमुद्रणं जुनी, 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरची, तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपलेली, आणि अर्थातच मोनो. स्टिरिओचा एवढा खटाटोप करून मोनो ऐकायचं, हे ऐकणाऱ्याला वेडेपण वाटेल. मिस्त्रींच्या बातम्यांचा न्याय इथंही लागू होता. दोन स्पीकर आणि एकच बाई. तबकडीची खरखर आधी डाव्या-उजव्या काचेवर पसरल्यासारखी वाटली, मग मधे गोळा झाली, आणि त्या खरखरीतून बाई बॉनेटच्या थोड्या अलीकडं, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर गायला लागल्या. रुंदी काहीच नव्हती. तंबोरे मागं, तबला शेजारी असा देखावा नव्हता. मुद्रणातच तो नाही. होती ती फक्त एक जागा, आणि त्या जागेतून सलग, न तुटणारा आकार येत होता. रुंद, झगझगीत आवाजाच्या जाहिराती करणाऱ्यांना हे समजावून सांगणं कठीण आहे. पण बाईंच्या जयपूर घराण्याचं गाणं ऐकणाऱ्याला वाक्य कुठून सुरू झालं आणि कुठं समेवर आलं हे शोधायचं असतं, त्यासाठी गाणारा हलता कामा नये. या बाईंची एक भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली. तिथं ती कोणाच्या समोर बसते कोण जाणे. माझ्यापुरती ती गारगोटी रस्त्यावर समोर बसली.

तेव्हा साहजिकच अल्लादियाखाँसाहेबांची आठवण आली. केसरबाईंचे गुरू, 1895 पासून कोल्हापूरचे, महाराज 1922 मध्ये गेल्यावर मुंबईला गेलेले, 1946 पर्यंत हयात. तबकड्यांचा व्यापार त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. त्यांच्या शिष्या गायल्या, त्यांनी मात्र आपला आवाज यंत्राला दिला नाही. देवल क्लबासारखी जुनी संगीतसंस्था असलेल्या या गावात ज्यांचं नाव सर्वांत आदरानं घेतलं जातं त्यांना कोणत्याही स्पीकरनं, कोणत्याही डब्यानं काचेपुढं बसवता येत नाही. ऐकणारे गेले, त्यांच्या आठवणी गेल्या. आता शिष्यांच्या गाण्यातून अंदाज बांधायचा. याची मला खंत वाटते, आणि थोडं बरंही वाटतं. तीन मिनिटांत राग आटपा म्हणणाऱ्याला नाही म्हणणारा कुणीतरी होता.

रविवारी जोतिबाला निघालो. बायको डाव्या सीटवर. पन्हाळा रोडला लागल्यावर मी मोठ्या हौसेनं तीच भैरवी लावली आणि तिच्या चेहऱ्याकडं बघू लागलो.

"अहो, हे सगळं माझ्याच कानात का ओरडतंय?"

बरोबर होतं. उजवा स्पीकर माझ्यासाठी थांबवलेला. तिच्या बाजूला डावा आधीच जवळचा, त्यात उजवा आणखी उशिरा. माझ्या समोर बसलेल्या केसरबाई तिच्या दारात जाऊन बसल्या होत्या. बैठकीत असं होत नाही. कोपऱ्यात बसलेल्याला गवई तिरका दिसतो, तिरकाच ऐकू येतो, पण सगळ्यांना दिसतो तो एकाच जागी. स्टिरिओनं निर्माण केलेला गवई एका खुर्चीपुरता असतो. ही अडचण जुनीच आहे. 1933 मध्ये बेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी फिलाडेल्फियात चाललेला वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा त्यांनी दोन नाही, तीन स्पीकर ठेवले होते: डावा, उजवा आणि मधला. सभागृहात हजारो माणसं. सगळ्यांना काही मधे बसवता येत नाही. मधे खरोखरचा स्पीकर ठेवला की गाणारा जागचा हलत नाही.

मी गाडी परत उद्यमनगरात नेली. मिस्त्रींनी ऐकून घेतलं.

"मग मधी तिसरा बसवू या की."

त्यांनी डॅशबोर्डच्या बरोब्बर मध्यावर हात ठेवला. तिथं, दुतोंडी टेपनं चिकटवलेला, गाडी घेतली त्या दिवसापासून आमचा गणपती आहे.

"ह्यो थोडा इकडं घेतला तर जमतंय."

"गणपती हलायचा नाही," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. ती या वेळी मुद्दाम आली होती.

मिस्त्रींनी हात काढून घेतला. डब्याचा रिमोट मागितला, दोन नंबरच्या बटणावर डावी-उजवी सीट सारखी करून ठेवली, थांबवणं बंद, आणि म्हणाले, "एकटं असलात की एक दाबायचं. वैनी असल्या की दोन."

आता रविवारी दोन असतं.